आपत्तीत जलद लिंगभाव विश्लेषण कसं करायचं: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पूर, भूकंप किंवा युद्धानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मदतीचे जे निर्णय होतात, ते पुढे कित्येक महिने तसेच राहतात. संडास कुठे खोदले, कुटुंबाची नोंद कुणाच्या नावावर झाली, वाटपाची वेळ कोणती ठरली, हे एकदा रुळलं की बदलणं महाग पडतं आणि बहुतेक वेळा कुणी बदलतही नाही. जलद लिंगभाव विश्लेषण या निर्णयांच्या आधी पोहोचायला हवं. संकटामुळे बायका, पुरुष, मुली आणि मुलगे यांची कामं, त्यांच्या हातातली साधनं, त्यांच्यावरचे धोके आणि त्यांचा शब्द यांत काय बदललं, आणि त्यामुळे मदत कशी वेगळी द्यावी लागेल, एवढंच त्यात शोधायचं असतं. ‘केअर’ या संस्थेने ही पद्धत 2013 मध्ये सीरियातल्या संकटाच्या वेळी बांधायला घेतली. आज अनेक संस्था ती वापरतात.

नवख्यांचा पहिला गैरसमज असा की उत्तर आधीच माहीत आहे: बायका आणि मुलं असुरक्षित. हे वाक्य कुठल्याही आपत्तीला लागू पडतं, म्हणून कुठल्याच आपत्तीत उपयोगी पडत नाही. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतातल्या काही गावांत ‘ऑक्सफॅम’ या मदतसंस्थेने मोजणी केली, तेव्हा वाचलेल्यांत पुरुष बायकांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. बायका किनाऱ्याजवळ घरात मुलांसोबत होत्या, अनेकींना पोहता येत नव्हतं. पुरुष बोटी घेऊन खोल समुद्रात होते, जिथे लाट बोटीखालून निघून जाते, किंवा कामासाठी बाहेर होते. मागे उरले ते लहान मुलं सांभाळणारे विधुर. अशा ठिकाणी ‘महिलाप्रधान कुटुंबांना प्राधान्य’ हे ठरलेलं वाक्य लिहून भागत नाही; बाळाला काय खाऊ घालायचं, स्वयंपाक कसा करायचा, हे बापांनाच शिकवावं लागतं. कोण उरलंय हे मोजल्याशिवाय कुणाला काय हवंय हे कळत नाही.

पहिली पायरी: कुठला निर्णय बदलायचा ते ठरवा

प्रश्नावलीला हात लावण्याआधी पाणी, निवारा, अन्न, आरोग्य आणि रोख मदत सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांना एकच विचारा: येत्या दोन आठवड्यांत तुम्ही काय ठरवणार आहात? त्यांची उत्तरं तारखेसकट लिहून घ्या. ‘शुक्रवारी संडासांची जागा ठरणार’, ‘सोमवारी नोंदणी सुरू’ अशी पाच-सहा वाक्यं मिळाली की विश्लेषणाचा आराखडा तयार झाला. ज्या प्रश्नाच्या उत्तराने यातला एकही निर्णय हलणार नाही, तो प्रश्न विचारू नका. संकटात सापडलेल्या माणसाचा तासभर घेऊन ती माहिती फायलीत ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

काम दोन टप्प्यांत करा. पहिल्या 24 ते 72 तासांत, कुठेही न जाता, उपलब्ध माहितीवरून दोन ते चार पानांचं टिपण काढा. मग प्रत्यक्ष भेटींवर आधारलेली दुसरी आवृत्ती आठवडा-दहा दिवसांत. युक्रेनमध्ये 2022 साली असंच झालं: आधी संक्षिप्त टिपण, मग मे महिन्यात केअर आणि संयुक्त राष्ट्रांची महिलांसाठीची संस्था ‘यूएन विमेन’ यांचा सविस्तर अहवाल. पहिलं टिपण अपुरं असणारच. ते वेळेवर पोहोचलं तर चालतं. परिपूर्ण होऊन तीन आठवड्यांनी आलं तर वाया गेलं.

दुसरी पायरी: घरबसल्या मिळणारी माहिती

संकटाआधी काय स्थिती होती हे माहीत नसेल तर संकटाने काय बदललं हे सांगताच येणार नाही. जनगणना, लोकसंख्या आणि आरोग्याची सर्वेक्षणं, आधीच्या आपत्तींचे अहवाल आणि स्थानिक महिला संघटनांची कागदपत्रं यांतून पुढच्या गोष्टी काढा:

- वय आणि लिंगानुसार लोकसंख्या, कुटुंबाचा सरासरी आकार, बाईच्या कमाईवर चालणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण
- पाणी, सरपण, स्वयंपाक, आजारी माणसाची देखभाल, शेती, मजुरी: कोणतं काम कुणाकडे
- जमीन, घर, बँक खातं, मोबाइल आणि ओळखपत्र कुणाच्या नावावर असतं. वारसाहक्काचा कायदा काय म्हणतो आणि प्रत्यक्षात काय घडतं
- बाईला एकटीने दवाखान्यात, बाजारात जाता येतं का
- लग्नाचं वय, घरगुती हिंसेचं प्रमाण, त्यावर उपलब्ध सेवा

मोबाइलच्या मालकीकडे नवखे दुर्लक्ष करतात, पण इशारे, वाटपाचे निरोप आणि रोख रक्कम आता फोनवरच येतात. घरातला एकमेव फोन नवऱ्याच्या खिशात असेल, तर बाईपर्यंत निरोप पोहोचला असं कुणी धरून चालू नये.

लोकसंख्येचे ताजे आकडे नसतील तर काम थांबवू नका, अंदाज बांधा. प्रजनन आरोग्याच्या तातडीच्या सेवांसाठी वापरले जाणारे रूढ आडाखे असे: लोकसंख्येच्या सुमारे 25 टक्के प्रजननक्षम वयातल्या बायका, वर्षाला 4 टक्के जन्मदर, आणि सुमारे 15 टक्के बाळंतपणांत गुंतागुंत. 10,000 माणसांच्या छावणीत म्हणजे 2,500 बायका, वर्षाला 400 बाळंतपणं, महिन्याला 33 च्या आसपास, आणि त्यातली पाच अडलेली. या पाचजणींना रात्री दोन वाजता कुठल्या गाडीने, कुठल्या इस्पितळात न्यायचं, हे पहिल्या टिपणातच विचारता येतं. त्या भागाचा खरा जन्मदर ठाऊक असेल तर अर्थात तोच घ्या.

तिसरी पायरी: माणसांशी बोलणं

चार ते सहा जणांचा गट पुरतो. त्यात निम्म्या तरी बायका हव्यात आणि स्थानिक भाषा बोलणारे हवेत. बायकांशी बाईनेच बोलायचं, दुभाषीही बाईच. युद्ध किंवा जातीय-वांशिक संघर्ष असेल तर दुभाषी कोणत्या बाजूचा हे आधी पाहा, नाहीतर लोक चूप बसतील किंवा फक्त सुरक्षित तेवढंच सांगतील.

गटचर्चा. एका गटात 6 ते 10 जण, वेळ साठ ते नव्वद मिनिटं. एक जण प्रश्न विचारतो, दुसरा फक्त टिपून घेतो. प्रौढ बायका, प्रौढ पुरुष, किशोरवयीन मुली आणि किशोरवयीन मुलगे यांचे गट वेगळे ठेवा. सासू आणि सून एकाच गटात बसल्या की सून बोलत नाही. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक प्रकारचे किमान दोन गट घ्या. एकाच गटाचं मत म्हणजे कदाचित त्यातल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या बाईचं मत.

वेळ चुकली तर माणसं चुकतात. सकाळी दहाला गट बोलावला आणि त्याच वेळी पाण्याचा टँकर येत असेल, तर ज्यांना पाणी भरावं लागत नाही अशाच बायका येतील. बायकांना मोकळा वेळ कधी असतो हे आदल्या दिवशी विचारा आणि मुलांना सांभाळायला कुणीतरी सोबत न्या. आणखी एक नेहमीचा घोळ: गट कोणी जमवला? छावणीच्या प्रमुखाने जमवला असेल तर त्याच्या नात्यातल्या बायका येतात. निम्मी माणसं तरी तंबूंच्या रांगांतून फिरून स्वतः बोलवा, कडेच्या तंबूंपासून सुरुवात करून.

माहीतगारांच्या मुलाखती. आठ ते बारा पुरतात. दाई किंवा परिचारिका, शिक्षिका, स्थानिक महिला संघटनेची कार्यकर्ती, दिव्यांगांच्या संघटनेतलं कुणी, धर्मगुरू, बाजारातला व्यापारी, वाटपाच्या रांगेत काम करणारा स्वयंसेवक. समित्यांचे अध्यक्ष सहज भेटतात, म्हणून यादी त्यांनीच भरते; त्यांच्यापैकी दोघांनाच घ्या.

सुरक्षेचा नकाशा. मोठ्या कागदावर किंवा जमिनीवर काडीने छावणी काढायला सांगा. कुठे जायला भीती वाटते, कोणत्या वेळी, कशामुळे? मुलींचा नकाशा आणि पुरुषांचा नकाशा शेजारी ठेवला की बहुधा फरक डोळ्यांत भरतो. मग तोच रस्ता अंधार पडल्यावर स्वतः चालून पाहा, स्थानिक सुरक्षा नियम परवानगी देत असतील तर. दिवे आहेत का, संडासाच्या दाराला आतून कडी आहे का, दार बंद होतं का, उतारावर चाकाची खुर्ची जाते का. या निरीक्षणाला कुणाची मुलाखत लागत नाही आणि ते सगळ्यात भरवशाचं असतं.

प्रश्न साधे आणि कृतीचे ठेवा. ‘तुमच्या गरजा काय?’ असं विचारलं की सगळीकडे एकच यादी मिळते: पाणी, अन्न, ताडपत्री. त्याऐवजी विचारा: काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलं? हेच काम संकटाआधी कोण करायचं? मिळालेलं धान्य कुणी उचललं, किती लांबून आणलं, त्यातलं काही विकलं का आणि तो निर्णय कुणाचा? वाटप कधी आहे हे कुणाकडून कळलं? छावणीच्या बैठकीला तुम्ही गेलात का, तिथे बोललात का? गेल्या आठवड्यात घरात कोण कमी जेवलं?

दिव्यांग व्यक्तींसाठी ‘तुम्ही अपंग आहात का?’ असं विचारू नका. बरेच लोक नाही म्हणतात. दिव्यांगत्व मोजण्याच्या पद्धती ठरवणाऱ्या ‘वॉशिंग्टन गट’ या आंतरराष्ट्रीय गटाचे सहा छोटे प्रश्न वापरा: पाहणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःची काळजी घेणं आणि संवाद साधणं यांत किती अडचण येते.

हिंसेबद्दल काय विचारायचं नाही

इथे चूक झाली तर माणसाला इजा होते. गटात किंवा एकट्यात, कुणालाही ‘तुमच्यावर अत्याचार झाला का?’ असं विचारायचं नाही. पीडितांचा शोध घ्यायचा नाही, आकडे गोळा करायचे नाहीत. प्रत्येक आपत्तीत लैंगिक हिंसा घडत असते असं धरूनच सेवा उभ्या करायच्या. पुरावा मिळेपर्यंत थांबायचं नाही, हा आंतरराष्ट्रीय मदतकार्यातला मान्य नियम आहे. सर्वसाधारण शब्दांत विचारता येतं: इथल्या बायकांना आणि मुलींना कुठे धोका वाटतो? काही घडलं तर त्या कुणाकडे जातात?

तरीही कुणीतरी आपणहून सांगतंच. त्यासाठी गटातल्या प्रत्येकाच्या खिशात, क्षेत्रात उतरण्याआधीच, सेवांची ताजी यादी हवी: दवाखाना, समुपदेशन, कायदेशीर मदत, सुरक्षित निवारा. यादीतल्या फोन क्रमांकांवर आदल्या दिवशी फोन लावून पाहिलेला असावा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं घटनेनंतर 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, तातडीची गर्भनिरोधक गोळी 120 तासांपर्यंत देता येते, म्हणून ‘उद्या विचारून सांगते’ हे उत्तर चालत नाही. ऐकून घ्या, दोष देऊ नका, तपशील खोदू नका, काय काय मदत मिळू शकते ते सांगा, पुढे जायचं की नाही ते तिलाच ठरवू द्या. तिचं नाव वहीत लिहायचं नाही. अशी यादी बनवता आलीच नाही, तर सुरक्षेचे प्रश्न वगळून बाकीचे विचारा.

तृतीयपंथी आणि समलिंगी व्यक्तींच्या बाबतीतही हाच विवेक हवा. छावणीत त्यांना शोधत फिरणं म्हणजे त्यांची ओळख उघडी करणं. त्यांच्या संघटना असतील तर छावणीबाहेर किंवा फोनवर त्यांच्याशी बोला.

पुरुष आणि मुलग्यांनाही विसरू नका. जबरदस्तीची भरती, अटक, धोकादायक मजुरी हे त्यांच्या वाट्याला जास्त येतं. एकट्या राहणाऱ्या तरुणांना बऱ्याच वाटप याद्यांत जागाच नसते, कारण यादी ‘कुटुंब’ मोजते.

चौथी पायरी: अर्थ लावणं

क्षेत्रातून परतल्यावर त्याच संध्याकाळी गट बसवा. दुसऱ्या दिवशी अर्धं विसरलेलं असतं. एक तक्ता आखा. उभे रकाने तीन: संकटाआधी, आता, म्हणून काय करायचं. आडव्या ओळींत विषय: कामाची वाटणी, साधनांवरचा ताबा, सेवांपर्यंत पोहोच, निर्णयांत सहभाग, सुरक्षा, आणि लोक स्वतः कसा मार्ग काढताहेत. शेवटची ओळ गाळू नका. जेवण कमी करणं, मुलीचं लग्न लवकर लावणं, मुलाला कामाला पाठवणं हे धोक्याचे इशारे तिथेच सापडतात. बायकांनी आपसांत सुरू केलेलं पाळणाघर किंवा रात्रीची गस्तही तिथेच.

तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती माहिती अहवालात नको. प्रत्येक निष्कर्षाला किमान दोन वेगवेगळ्या वाटांनी दुजोरा असावा, उदाहरणार्थ गटचर्चा आणि स्वतःचं निरीक्षण. एकाच ठिकाणाहून आलेलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. स्त्री-पुरुषांची उत्तरं जुळत नसतील तर सरासरी काढू नका. वाटप सुरळीत चाललंय असं पुरुष म्हणतात आणि बायका नाही म्हणतात, तेव्हा तो फरकच तुमचा निष्कर्ष आहे.

पाचवी पायरी: शिफारशी

बरेच अहवाल इथे पडतात. ‘सर्व कार्यक्रमांत लिंगभावाचा विचार व्हावा’ ही शिफारस वाचून पाणी विभागाचा अभियंता उद्या सकाळी काय करेल? काहीच नाही. शिफारशीत कोणी, काय, किती, कुठे आणि कधीपर्यंत हे पाचही हवं.

10,000 माणसांच्या त्याच छावणीचं बघू. स्फिअर या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय किमान मानकांप्रमाणे सुरुवातीच्या काळात 50 माणसांमागे एक संडास, म्हणजे 200. स्थिरावल्यावर 20 माणसांमागे एक, म्हणजे 500. बायका आणि पुरुषांच्या संडासांचं प्रमाण 3 ला 1 धरलं तर पहिल्या टप्प्यात 150 बायकांचे, 50 पुरुषांचे. राहत्या जागेपासून अंतर 50 मीटरच्या आत. तेव्हा शिफारस अशी लिहा: ‘पाणी व स्वच्छता गटाने येत्या दहा दिवसांत पूर्वेकडच्या दोन विभागांत बायकांचे संडास पुरुषांच्या संडासांपासून वेगळ्या रांगेत हलवावेत, सर्व दारांना आतून कडी लावावी, रस्त्यावर दिवे बसवावेत; जागा ठरवण्याआधी दोन्ही विभागांतल्या बायका आणि मुलींच्या गटांना ती दाखवावी.’ अभियंत्याला यात काम दिसतं.

पाळीच्या साहित्याचा हिशेबही असाच थेट मांडा. टाकाऊ पॅड दिले तर दरमहा एकीला 15. 2,500 जणींना 37,500. सोबत वर्षाला सहा अंतर्वस्त्रं आणि महिन्याला 250 ग्रॅम जादा साबण. पण आकड्याआधी बायकांना विचारा की त्या काय वापरतात. धुण्या-वाळवण्याला आडोसा नसेल तर कापडी पॅड निरुपयोगी, आणि टाकायची सोय नसेल तर टाकाऊ पॅड संडासाच्या खड्ड्यात जातात, खड्डा वेळेआधी भरतो.

रोख मदतीत घाई करू नका. कार्ड बाईच्या नावावर काढलं की प्रश्न सुटला, असं अनेकांना वाटतं. काही घरांत त्याने तिचा शब्द वाढतो, काही घरांत मार वाढतो. आधी बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळं विचारा, कार्ड तिच्या नावावर का हे दोघांनाही समजावून सांगा, आणि पहिल्या वाटपानंतर दोन आठवड्यांत परिणाम तपासा. एका नवऱ्याच्या दोन बायका असतील तर दोन स्वतंत्र नोंदी करा. ओळखपत्र हरवलेल्या बाईसाठी साक्षीदारावर चालणारी पर्यायी नोंद ठेवा.

शिफारशी दहा-बाराच्या वर नेऊ नका. प्रत्येकीपुढे एक खूण ठेवा: आत्ता, महिन्याभरात, नंतर. ‘आत्ता’खाली चारांपेक्षा जास्त आल्या तर पुन्हा निवड करा.

सहावी पायरी: पोहोचवणं

पाणी, निवारा, आरोग्य अशा प्रत्येक क्षेत्राच्या समन्वय बैठकीत पूर्ण अहवाल वाटू नका. त्या क्षेत्राचं एक पान घेऊन जा आणि शिफारशीसमोर जबाबदार माणसाचं नाव तिथेच लिहून घ्या. बैठक दर आठवड्याला होत असेल तर पुढच्या आठवड्यात तोच कागद पुन्हा टेबलावर ठेवा. निधीचे प्रस्ताव लिहिले जात असतील तर आधी त्यांत शिफारशी शिरवा, कारण अंदाजपत्रकात ज्याची ओळ नाही ते होत नाही. 2018 पासून वापरात असलेला लिंगभाव व वय निर्देशांक, प्रकल्पात लिंग आणि वयाचा किती विचार झालाय हे पाहून, त्याला 0 ते 4 गुण देतो. तुमचं टिपण हाताशी असेल तर तो भरणाऱ्याला अंदाजाने खुणा कराव्या लागत नाहीत.

ज्यांनी माहिती दिली त्यांच्याकडे परत जा. तेच गट, अर्धा तास: तुम्ही हे सांगितलं, त्यातलं हे होणार, हे होणार नाही आणि का. नावं, तंबू क्रमांक आणि चेहरे दिसणारे फोटो अहवालात कुठेही नकोत. लहान समूहात ‘छावणीतली एकमेव विधवा शिक्षिका’ असं वर्णनही ओळख पटवायला पुरतं.

दुसऱ्या आवृत्तीची तारीख पहिल्या टिपणाच्या पहिल्याच पानावर छापा. परिस्थिती मोठ्या प्रमाणात बदलली, म्हणजे नवी माणसं आली, वाटप बंद झालं किंवा छावणी हलली, तर त्या तारखेची वाट न पाहता तक्ता पुन्हा भरायला घ्या, आणि सुरुवात ‘कोण उरलंय’ या मोजणीपासून करा.